अकरा मिनिटांत चार

मायक्रॉन रागावली की तिचं अक्षर सुधारायचं. त्या सोमवारी सकाळी तिने लिहायला घेतलेल्या अहवालाचा पहिला परिच्छेद छापल्यासारखा दिसत होता.

मायक्रॉन हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लॅब आहे. माणसांच्या शरीरातून काढलेले बारीक तुकडे तिथे मेणात बसवून कापतात. त्या लॅबमध्ये ती चौदा वर्षं काम करत होती. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. तिच्या हातून उतरलेला काप बरोबर चार मायक्रॉन जाडीचा असायचा, ना साडेतीन ना साडेचार, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. त्यातून नाव पडलं. कुणी पाठीमागे म्हणायचं, कुणी तोंडावर. तिला ते आवडायचं.

काम सांगायला सोपं आहे. मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, मशीनमध्ये अडकवायचा आणि चाक फिरवायचं. पात्यावरून कापांची फीत उतरते, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. ती कोमट पाण्याच्या भांड्यावर सोडली की सुरकुत्या जातात. मग काच पाण्यात तिरपी बुडवून काप अलगद उचलायचा. एका रुग्णाचं झालं की पुढचा ब्लॉक घेण्याआधी पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवायची, कारण आधीच्या रुग्णाचा नखाच्या टोकाएवढा तुकडा जरी तरंगत राहिला, तरी तो पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो. लॅबमध्ये अशा तुकड्याला ‘पाहुणा’ म्हणतात.

दीड महिन्यापूर्वी असा एक पाहुणा एका टेलरबाईच्या काचेवर जाऊन बसला होता. बाईच्या छातीतली गाठ अगदी साधी होती, पण काचेच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचा तरी कॅन्सर चिकटला होता. लॅबच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे ‘मोठे सर’ म्हणत, त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली ऐंशी काचा पाहिल्या होत्या. ही एक्क्याऐंशीवी. त्यांनी ‘कॅन्सर’ लिहिलं. बाईला ऑपरेशनची तारीख मिळाली. तिच्या भावाने हट्टाने काचेसकट ब्लॉक दुसऱ्या रुग्णालयात नेला, तिथे तो एकदा नाही, दहादा कापून पाहिला, आणि दहाही वेळा कॅन्सरचा मागमूस नाही. ऑपरेशन टळलं. पण तोवर बारा दिवस गेले होते.

लॅबच्या वहीत त्या ब्लॉकसमोर सही होती निवांतरावांची.

हेही टोपणनावच. पंचेचाळिशीचा गृहस्थ, अंगात दोन माप मोठा कोट, कोटाच्या खिशात कायम बिस्किटाचा चुरा. मशीनचं चाक फिरवताना गुणगुणायचे. त्यांच्या टेबलावर बाटल्यांची झाकणं उघडी, पट्ट्यांचा डबा रिकामा, ब्लॉक आडवेतिडवे. चौकशीत मोठ्या सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, “झालं असेल माझ्याकडून.”

“असेल?” मायक्रॉन तिथेच ताडकन उठली होती. “एका बाईचा अवयव कापून टाकणार होते आणि तुम्ही म्हणता ‘झालं असेल’? दूध उतू गेलं का?”

“आठवत नाही हो मॅडम. पण सही माझी आहे. म्हणजे मीच.”

त्यांच्या या मऊपणाने तिचं डोकं आणखी तापलं. चिडले असते, नाकारलं असतं, तर बरं झालं असतं. बैठक संपल्यावर तिने मोठ्या सरांच्या खोलीत जाऊन स्पष्ट सांगितलं, “सर, एकतर ते राहतील नाहीतर मी.”

“मग तूच लिहून दे ना,” सर म्हणाले. “चूक कशी झाली, त्याचा तांत्रिक अहवाल. तुझ्या शब्दापुढे कुणी बोलणार नाही. शुक्रवारी ती टेलरबाई येणार आहे. दिलगिरीचं पत्र तिने फाडून परत पाठवलं. म्हणते, ज्याने केलं तो माणूस समोर हवा. त्याला तिच्यासमोर उभा करतो आणि तिथूनच घरी पाठवतो.”

म्हणून हा अहवाल, आणि म्हणून हे सुंदर अक्षर.

दुसऱ्या परिच्छेदासाठी तिला काचेचा क्रमांक हवा होता. काच त्याच सकाळी दुसऱ्या रुग्णालयातून पाकिटात परत आली होती. तिने पाकीट फोडलं, काच चिमटीत धरून ट्यूबलाइटसमोर नेली, आणि हात तसाच राहिला.

सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. निवांतराव उजव्या हाताने काच बुडवायचे. त्यांचे काप उजवीकडे कलायचे आणि लेबलपासूनचं अंतर दर वेळी वेगळं. या काचेवरचे दोन काप डावीकडे कललेले होते, एकमेकांना समांतर, एकही सुरकुती नाही. लेबलपासूनचं अंतर तिने फूटपट्टी लावून मोजलं. सहा मिलिमीटर.

लॅबमध्ये डावखुरी ती एकटीच होती. आणि सहा मिलिमीटर सोडणारीही.

डॉक्टर लोक काचेकडे नुसत्या डोळ्यांनी कधी बघत नाहीत, काच भिंगाखाली सरकवतात. म्हणून हे कुणालाही दिसलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही तर दिसणारही नव्हतं.

मग सगळं आठवलं, अगदी तपशीलवार. त्या दिवशी निवांतराव सासूला दाखवायला खाली गेले होते. “मॅडम, जरा दहा मिनिटं,” म्हणाले आणि चाळीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. त्यांच्या ट्रेमध्ये चार ब्लॉक उरले होते. ती त्यांच्या स्टुलावर जाऊन बसली. मदत म्हणून नाही. लॅबची टायपिस्ट शेजारी उभी होती, तिला दाखवायला. “बघ हं. यांना तास लागतो. घड्याळ लाव.” पहिला ब्लॉक झाला. पट्टीसाठी हात घातला तर डबा रिकामा. तिचा स्वतःचा डबा दहा पावलांवर, तिच्या टेबलावर होता. घड्याळ चालू होतं. तिने वाकून पाण्यावर फुंकर मारली. तुकडे कडेला सरकले, तिने पुढचा ब्लॉक लावला.

नवशिके हे करतात. तीच त्यांना ओरडायची, “फुंकर चहावर घालायची, इथे नाही!” कारण फुंकरीने सरकलेला तुकडा शांतपणे परत फिरतो.

“अकरा मिनिटांत चार!” ती टायपिस्टला म्हणाली होती. वहीत सह्या निवांतरावांच्या होत्या, कारण सकाळीच आपल्या ट्रेसमोर सही करून मोकळं व्हायची सगळ्यांची सवय होती.

तिने काच पाकिटात घातली. पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. आणि अहवाल पूर्ण केला. त्यात तिने एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. ब्लॉक अमुक यांच्या सहीने नोंदलेला आहे. त्यांच्या टेबलावर पट्ट्यांचा डबा रिकामा आढळला. पाण्याचा पृष्ठभाग दोन रुग्णांच्या मध्ये साफ न केल्याने असं घडतं. सगळी वाक्यं खरी, एकापुढे एक ठेवलेली, आणि सगळ्यांचं तोंड निवांतरावांकडे. दुपारी तो कागद तिने सरांच्या टेबलावर ठेवला.

ती गणिताच्या मास्तरांची मुलगी. घरी शंभरपैकी शहाण्णव आले की वडील विचारायचे, “चार कुठे सांडले?” ते मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, फक्त त्या दिवशी तिच्याशी बोलायचे नाहीत. शंभर मिळाले की शेजारी बसवून सफरचंद कापून द्यायचे. ते सफरचंद किती गोड लागायचं, हे तिला अजून सांगता आलं असतं. चर्चमध्येही तिने तेच चालू ठेवलं. रविवारच्या शाळेत सगळ्यात जास्त वचनं तिला पाठ. उपासनेला एकदाही उशीर नाही. सगळी मंडळी मिळून पापांची कबुली म्हणायची, तेव्हा ‘आम्ही चुकलो’ असं ती मोठ्याने म्हणायची आणि मनातल्या मनात इतरांची यादी वाचायची. त्या यादीत गेली काही वर्षं निवांतराव वरच्या क्रमांकावर होते.

मंगळवारी निवांतराव स्वतःच तिच्या टेबलापाशी आले. डोळे सुजलेले. हात लाल, सारखे धुतल्यासारखे.

“मॅडम, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा.”

“शुक्रवारी त्या बाईंना मी नेमकं काय सांगायचं? म्हणजे ते कसं झालं असेल, ते तुम्ही मला नीट समजावून द्याल का? मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्या विचारणार. मग मी काय, ‘असेल’ म्हणू?”

तिने ड्रॉवर घट्ट लावून घेतला.

“आणि अजून एक.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्या दिवशी शेवटचे चार ब्लॉक तुम्ही कापून ठेवले होतेत. मी सरांना ते बोललोच नाही. म्हटलं, तुम्ही मदत केलीत, वर तुमचं नाव कशाला उगीच चौकशीत? तुमच्या हातून असलं काही व्हायचं नाही, हे या भिंतींनाही माहीत आहे.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझं नाव वाचवायला?” ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतली टायपिस्ट दारात आली. “कुणी सांगितलं होतं? स्वतःचं टेबल आवरता येत नाही आणि निघाले उपकार करायला! जा तुमच्या जागेवर!”

“चुकलं, मॅडम,” निवांतराव म्हणाले आणि गेले.

‘चुकलं.’ हा माणूस तेवढा एकच शब्द शिकून जन्माला आला होता की काय!

संध्याकाळी पाच वाजता ती चर्चमध्ये होती. घरी जायला निघाली होती आणि पाय तिकडे वळले, असं काही नव्हतं. ती भांडायलाच गेली होती. आत पाळकसाहेब गुडघ्यांवर बसून एका बाकाच्या मोडलेल्या पायाला डिंक लावत होते. सत्तरी उलटलेली, तरी सुताराला बोलवायचे नाहीत.

“पोरी, हे धर जरा. घट्ट. आता सांग, काय झालंय? चेहरा असा का केलायस?”

तिने बाकाचा पाय धरला आणि सगळं सांगितलं. फुंकर, काच, सहा मिलिमीटर, अहवाल. मधे एकदाही त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं नाही.

“मग आता?”

“आता काय? तुम्ही सांगा! तुमच्या देवाला विचारा! चौदा वर्षं, पाळकसाहेब! दीड लाखाच्या वर काचा, एकही चूक नाही. आणि झाली तीही कुठे? त्या गबाळ्या माणसाच्या स्टुलावर! हजार जागा होत्या मला तोंडावर पाडायला.”

“देवाने पाडलं असं वाटतं तुला?”

“मग कोणी? मी काय मुद्दाम केलं?”

“नाही. फुंकर मात्र तूच मारलीस.” त्यांनी डिंकाची बाटली बंद केली. “सोडू नको अजून, सुकू दे. आणि भीती कसली वाटतेय? नोकरीची?”

“नोकरी गेली तर दुसरी मिळेल.” तिचा आवाज फुटला आणि त्याचाही तिला राग आला. “मी चुकत नाही, ही मी आहे. तेवढीच आहे मी. ते काढून घेतलं तर उरतं काय? कोण आहे मी मग?”

पाळकसाहेब बाकाला टेकून जमिनीवरच बसले. “तुझा बाप्तिस्मा मी केला. दोन महिन्यांची होतीस. तेव्हा तुला काय येत होतं?”

“काय येणार?”

“माझ्या बाहीवर दूध ओकायला येत होतं. तेवढंच. नवा झगा होता माझा.” ते हसले नाहीत. “आणि त्या दिवशी, त्या अवस्थेत, देवाने तुला ‘माझी लेक’ म्हटलं. तोंडाला दूध लागलेल्या पोरीला. एकही काप न कापलेल्या. ज्याने तुझ्यासाठी क्रूसावर जीव दिला, त्याने आधी तुझ्या काचा मागवून तपासल्या नव्हत्या.”

“म्हणजे मी केलेल्या कामाला किंमत शून्य?”

“कामाला खूप किंमत आहे. तुझ्या काचांमुळे लोक वाचलेत. पण तू म्हणजे तुझ्या काचा नाहीस. तू त्याची आहेस, हे आधीच ठरलंय. चांगल्या काचेने ते वाढत नाही, वाईटाने कमी होत नाही.”

मग तिच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली आणि ती भडकली.

“आणि निवांतराव? त्यांनाही तेवढंच?”

“तेवढंच.”

“मी पहाटे पाच वाजता उठून पात्याची धार बघते, आणि ते खिशात बिस्किटं भरून येतात. तरी तेवढंच?”

“कणभरही कमी नाही.”

“हा अन्याय आहे!” तिने बाकाचा पाय सोडला. बाक कलंडला आणि धाडकन आपटला.

“आहे खरा,” पाळकसाहेब म्हणाले आणि बाक भिंतीला टेकवून ठेवला. “तुला तो कधीतरी गोड लागेल असं वाटत होतं. मला चहा लागतो या वेळेला. तू बस. दार उघडंच असतं.”

ते गेले. मायक्रॉन रिकाम्या चर्चमध्ये उभी राहिली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा पाठ नसलेली प्रार्थना केली. प्रार्थना कसली, तक्रारच. ती देवाला म्हणाली की तू मला लहानपणी कधी सांगितलं नाहीस. मी शहाण्णव घेऊन आले तेव्हा तू कुठे होतास? मी तुझीही परीक्षाच देत बसले, इतकी वर्षं, दर रविवारी, आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की बाई, पेपर नाहीये, खाली ठेव. मला तुझी ती फुकटची माया नकोय. मला मिळवलेलं हवंय. तिने हातातली पर्स बाकावर आपटली. खूप वाईट बोलली. शाळेत असं बोलली असती तर वर्गाबाहेर काढलं असतं.

बोलून बोलून घसा सुकला तेव्हा ती बसली. इतकं बोलूनही तिला कुणी बाहेर काढलं नव्हतं. आणि अबोलाही धरलेला नव्हता, हे तिला जाणवत होतं. का ते सांगता आलं नसतं, तिच्याकडे मोजायला काही साधन नव्हतं, पण त्या रिकाम्या जागेतली शांतता घरातल्या त्या जुन्या शांततेसारखी नव्हती. कुणीतरी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि उठून गेलं नव्हतं. काच, फुंकर, अहवालातली ती खरी-खोटी वाक्यं, सगळं समोर असताना ती कुणाची तरी होती. राग गेला नाही. पण पहिल्यांदाच रागाच्या खाली पाय टेकायला जागा लागली.

गुरुवारी सकाळी ती मोठ्या सरांच्या खोलीत गेली आणि काच त्यांच्या टेबलावर ठेवली. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरांनी आधी चष्मा काढला, मग उठून दार लावलं.

“कुणाकुणाला बोललीस?”

“तुम्हाला. आणि आमच्या पाळकसाहेबांना.”

“मग अजून काही बिघडलेलं नाही.” सर खाली बसले. “हे बघ, पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. त्यांना दाखवायला माझ्याकडे कोण आहे? तू. निवांतरावाचं काय, तो तसाही ढिसाळ आहे, आज ना उद्या त्याच्या हातून हे झालंच असतं. शहाणी असशील तर काच पाकिटात घाल.”

‘तसाही ढिसाळ आहे.’ हे वाक्य तिचंच होतं, शब्दाला शब्द. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला शिसारी आली.

“उद्या झालं असतं, सर. झालं मात्र माझ्या हातून.”

“तुझी चौदा वर्षं मातीत घालतेयस. कळतंय का?”

“कळतंय. आणि अजून एक कळतंय.” आता तिला आवरेना. “पाहुण्याचा तुकडा बाकीच्या कापाच्या पातळीत नसतो. भिंगाचं बटण फिरवलं की दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. हे तुम्हीच मला शिकवलंत. पाहुणा मी आणला, सर, पण त्याला खुर्ची तुम्ही दिलीत. माझं मी उद्या सांगणार. तुमचं तुम्ही बघा.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. “बाहेर हो,” ते म्हणाले. “आणि आजपासून मशीनला हात लावायचा नाही.”

निवांतराव सामानाच्या खोलीत मेणाच्या पिशव्या मोजत होते. तिने त्यांनाही सांगितलं, माफी मागितली. दोन वाक्यांत, कारण तिसरं वाक्य आलं की सबबी सुरू होतील हे तिला माहीत होतं. तिची अपेक्षा होती, की ते ‘असू द्या मॅडम’ म्हणतील. मनातून तिला तेच हवं होतं.

निवांतरावांनी हातातली पिशवी भिंतीवर फेकली. मेणाचे पांढरे दाणे खोलीभर उडाले.

“तीन आठवडे!” या माणसाला असा आवाज आहे हे लॅबमध्ये कुणाला माहीत नव्हतं. “तीन आठवडे मी रोज हात धुतोय, बघा, साल निघाली! बायकोला म्हणालो, माझ्यामुळे एक बाई मेली असती. सासूने माझ्या हातचं पाणी घेतलं, तर मला वाटायचं, हिला काही होईल! आणि तुम्ही सोमवारपासून गप्प? सोमवारपासून? मंगळवारी मी तुमच्यासमोर उभा होतो!”

“हो.”

“वर मलाच ओरडलात!”

“हो.”

“हो काय हो! आता तुम्ही सांगून मोकळ्या. हलकं वाटलं असेल ना?”

“नाही वाटत.”

“बरंच झालं,” निवांतराव म्हणाले. “मी माफबिफ करणार नाही. आत्ता तर नाहीच.”

“नका करू,” ती म्हणाली. “मी माफी मागितली ती तुम्ही माफ करावं म्हणून नाही. मागायला हवी होती म्हणून.”

ते निघून गेले. तिने खाली बसून मेणाचे दाणे गोळा करायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात ती बऱ्याच वेळा स्वतःशी म्हणाली, की मी गुन्हेगार आहे, आणि दर वेळी त्याच्या जोडीला आतून दुसरं काहीतरी आलं, की हो, आणि माझी लेक. कुणाचा आवाज वगैरे नव्हता. पण ते ‘माझी’ तिचं स्वतःचं नव्हतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. स्वतःबद्दल इतकं बरं ती कधी बोलली नव्हती.

शुक्रवारी सकाळी अकराला छोट्या सभाखोलीत टेलरबाई आली. चाळिशीची, काटक, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. सोबत भाऊ. टेबलाच्या पलीकडे मोठे सर. पाण्याचा पेला पुढे केला तो तिने बाजूला सारला.

“झालेली तांत्रिक त्रुटी अत्यंत…” सरांनी सुरुवात केली.

“कोण?” बाई म्हणाली. “पत्रात एका पुरुषाचं नाव होतं.”

“ते नाव चुकीचं आहे,” मायक्रॉन म्हणाली. “मी. तुमचा ब्लॉक मी कापला.” आणि तिने सांगितलं. शर्यत लावली होती हेही सांगितलं, कुणाला दाखवायला तेही. फुंकर कशी मारली ते ओठांचा चंबू करून दाखवावं लागलं, कारण बाईला समजेना. ते करून दाखवताना तिला जेवढी लाज वाटली तेवढी आजवर कधी वाटली नव्हती.

“दहा पावलं?” बाई म्हणाली. “डबा दहा पावलांवर होता?”

“हो.”

“किती वर्षं करतेस हे काम?”

“चौदा.”

“चौदा वर्षं! आणि दहा पावलं चालवलं नाही तुला!”

“ताई, त्या आमच्या सर्वात कुशल…” सर मधे पडले.

“सर, राहू द्या,” मायक्रॉन म्हणाली. दीड लाख काचांचा आकडा तिच्या जिभेवर तयार होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिने तो गिळला. त्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे तिलाही नव्हता. आपण कोण आहोत हे या खोलीत ठरायचं नव्हतं. इथे फक्त आपण काय केलं ते ठरायचं होतं, आणि ते ऐकायला ती बसू शकत होती.

“रडणार असशील तर बाहेर जा,” बाई म्हणाली. “मला तुझं रडणं आवरायचं नाहीये.”

“नाही रडणार.”

“सरांकडूनही काचेत बघताना…” भाऊ म्हणू लागला, आणि मोठे सर टेबलाकडे बघत पुटपुटले, “हो. मीही नीट बघायला हवं होतं.” कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. बाई मायक्रॉनकडेच बघत होती.

“तुला वाटतं, ऑपरेशन टळलं म्हणजे मिटलं? पहिल्या दिवशी मी कुणाला काही बोललेच नाही. मशीनवर बसून दिवसभर एकाच बाहीला शिवण मारली आणि उसवली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी मी कपाट आवरलं, कुणाला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. हसू नको.”

“नाही हसत.”

“चौथ्या दिवशी पोरीला अंडं उकडायला शिकवलं. नऊ वर्षांची आहे. म्हटलं, निदान तेवढं यावं तिला. तिचा हात भाजला. मी तिलाच रागावले, की लक्ष कुठे असतं तुझं…” बाईने टेबलावर मूठ आपटली. “त्याबद्दल कुणाला धरू मी? सांग ना, कुणाला?”

“मला,” मायक्रॉन म्हणाली.

मोठ्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “बारा वाजत आले, ताई. मला वाटतं, मुद्दा सगळ्यांच्या लक्षात आला आहे. आपण आता…”

“मी अजून चौथ्या दिवसावर आहे,” टेलरबाई म्हणाली.

सर उठले. भाऊही उठला. मायक्रॉनने आपली खुर्ची टेबलाच्या या बाजूला, बाईच्या समोर ओढून घेतली आणि बसली.

“पाचव्या दिवशी काय झालं?” तिने विचारलं.